स्टुटगार्टमध्ये क्वालिटी इंजिनिअरची नोकरी: शंभर अर्जांनंतर काय बदलायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुणे विद्यापीठातून मेकॅनिकलची बी.ई., मग चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत सात वर्षं क्वालिटीत. नवऱ्याला ब्लू कार्डवर (उच्चशिक्षित परदेशी लोकांचा इथला कामाचा परवाना) स्टुटगार्टला सॉफ्टवेअरची नोकरी लागली, म्हणून चार वर्षांच्या मुलीला घेऊन तुम्हीही आलात. आठ महिन्यांत शंभराच्या वर अर्ज गेले, दोन फोन आले, बाकी सगळे नकार. जर्मन भाषा बी१ पातळीपर्यंत झालीय, बी२ आणि सी१ त्यापुढच्या. आता इथे मास्टर्स करावं, गोदामात मिळतंय ते काम धरावं, की आणखी भाषा शिकावी?

मास्टर्स आत्ता नको. गोदामही नको, घरखर्चाची खरीच निकड असेल तर गोष्ट वेगळी. भाषा हवीच, पण नुसत्या भाषेने हे कोडं सुटणार नाही. मी मूळची नाशिकची. इथे बाडेन-व्युर्टेम्बेर्गमध्ये, म्हणजे स्टुटगार्टच्याच राज्यात, एका मध्यम आकाराच्या कंपनीत क्वालिटी विभाग सांभाळते आणि जागा निघाली की अर्ज माझ्याकडेच येतात. आपल्याकडच्या इंजिनिअरांचे बरेचसे अर्ज मागे पडतात ते पदवीमुळे नाही. तुम्ही तिथे नेमकं काय करत होता, हे वाचणाऱ्या जर्मन माणसाला कळतच नाही, आणि विचारून घ्यायला त्याला वेळ नसतो.

आधी एक सोपी दुरुस्ती. ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला इथे कुठलंही काम करायची पूर्ण मुभा असते. तुमच्यासाठी कंपनीला कुठलाही कागद करावा लागत नाही, ब्लू कार्डची पगाराची अटही (२०२६ साठी वर्षाला ५०,७०० युरो, टंचाईच्या व्यवसायांत ४५,९३४) तुम्हाला लागू नाही. जून २०२४ पासून ‘चान्सेनकार्टं’वर नोकरी शोधायला येणाऱ्या मुलांच्या डोक्यावर मुदतीची टांगती तलवार असते, तीही तुमच्यावर नाही. पण हे एचआरमधल्या बाईंना कसं कळणार? भारतीय नाव, भारतीय पदवी दिसली की व्हिसाची कटकट नको म्हणून अर्ज बाजूला पडतो. म्हणून बायोडेटाच्या पहिल्या पानावर, पत्त्याच्या खालीच एक ओळ लिहा: निवास परवाना आहे, कुठलंही काम करण्यास पूर्ण परवानगी आहे, लगेच रुजू होऊ शकते. आणि मुलगी लहान आहे, तेव्हा तीस-बत्तीस तासांचं काम चालणार असेल तर तेही लिहा. ब्लू कार्डवर येणाऱ्याला पगाराची मर्यादा गाठायची असते, त्यामुळे कमी तास सहसा परवडत नाहीत. तुम्हाला परवडतात.

पदवीच्या मान्यतेबद्दल फार वेळ घालवू नका. डॉक्टर, नर्स यांना मान्यतेशिवाय काम करता येत नाही, त्यांचा रस्ता वेगळा आणि लांबचा. कारखान्यातल्या इंजिनिअरच्या नोकरीला परवाना लागत नाही. ‘इंजेनिअर’ हे बिरुद नावापुढे लावायचं असेल तर राज्याच्या कायद्याप्रमाणे अभियंत्यांच्या चेंबरची परवानगी लागते, पण ते नंतर बघता येईल. ‘आनाबिन’ या सरकारी यादीत आपलं विद्यापीठ ‘एच प्लस’ म्हणजे मान्यताप्राप्त आहे का आणि आपली पदवी नोंदलेली आहे का, ते बघा आणि ते पान छापून ठेवा. हवं तर बॉनच्या ‘झेडएबी’ कार्यालयाकडून पदवीचं मूल्यांकन करून घ्या, सुमारे दोनशे युरो लागतात. अर्जाला जोडायला बरं दिसतं. नोकरी मात्र त्यामुळे मिळत नाही.

आता वेळ कशी आहे तेही ऐका, म्हणजे नकारांचं सगळं खापर स्वतःवर फोडणार नाही. तुम्ही गाड्यांच्या धंद्यातून आलात आणि गाड्यांच्याच गावात नोकरी शोधताय, नेमका तोच धंदा आकसतोय. गाड्यांचे भाग बनवणाऱ्या झेडएफने जुलै २०२४ मध्ये सांगितलं की २०२८ पर्यंत जर्मनीतल्या १४,००० पर्यंत जागा कमी करू. फोक्सवॅगनने डिसेंबर २०२४ मध्ये कामगार संघटनेशी २०३० पर्यंत ३५,००० जागा कमी करण्याचा करार केला. बॉशने सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी १३,००० जागांची घोषणा केली. या कंपन्यांतून बाहेर पडलेले, वीस-वीस वर्षांचा अनुभव असलेले, स्वेबिश ही इथली बोली बोलणारे लोक तुमच्याच जागांना अर्ज करताहेत. ‘ऑटोमोटिव्ह क्वालिटी इंजिनिअर, स्टुटगार्ट’ एवढंच शोधत राहिलात तर त्यांच्याशी स्पर्धा आहे आणि ती तुम्ही हराल.

पण तुमचं काम फक्त गाड्यांपुरतं नाही. आयएटीएफ १६९४९ या गाडीउद्योगाच्या क्वालिटी मानकात मुरलेल्या माणसाला जी शिस्त येते ती इतर धंद्यांत दुर्मिळ आहे आणि त्यांना ती हवी असते. तक्रार आली की ८डी (आठ पायऱ्यांत मूळ कारण शोधून दुरुस्ती), प्रक्रियेचं एफएमईए (काय बिघडू शकतं याचा आधीच विचार), मोजमापाच्या साधनांची तपासणी, पुरवठादाराचं ऑडिट हे सगळं वैद्यकीय उपकरणांत, रेल्वेत, विमानांच्या भागांत, पंप आणि झडपांत, वीजजोडणीच्या उपकरणांत जसंच्या तसं लागतं. मानकांचे क्रमांक बदलतात: वैद्यकीय उपकरणांना आयएसओ १३४८५, विमानांना ईएन ९१००, रेल्वेला आयएसओ २२१६३. युरोपचा वैद्यकीय उपकरणांचा नवा नियम मे २०२१ पासून लागू झाला तेव्हापासून त्या कंपन्यांत कागदपत्रांचा डोंगर वाढला आहे, आणि तो उपसणारी माणसं क्वालिटीतलीच लागतात. शस्त्रक्रियेच्या उपकरणांचं गाव म्हणजे टुटलिंगन, स्टुटगार्टहून रेल्वेने दीड-दोन तास. तिथे लहानमोठ्या कंपन्या शेकड्यांनी आहेत. जोडीला आयएसओ १३४८५ चा दोन-तीन दिवसांचा ऑनलाइन कोर्स केलात तर बायोडेटात त्या दिशेची एक ओळ तरी दिसेल.

आता बायोडेटा, कारण गाडी अडलीय ती इथेच. आपल्याकडचा नमुना मला पाठ झालाय: वर ‘करिअर ऑब्जेक्टिव्ह’, मग ‘रिस्पॉन्सिबल फॉर क्वालिटी अ‍ॅक्टिव्हिटीज’, मग माहीत असलेल्या वीस टूल्सची यादी, शेवटी वडिलांचं नाव आणि सही करून ‘वरील माहिती खरी आहे’. इथल्या वाचकाला यातून काहीच हाती लागत नाही. त्याला हवं असतं ते असं: कुठला भाग बनायचा, कशाचा बनायचा, रोज साधारण किती नग, कुठल्या ग्राहकाला जायचा, तुमच्या हाताखाली किती माणसं, तुम्ही स्वतः कुठल्या निर्णयावर सही करत होता. ‘कस्टमर कम्प्लेंट हँडलिंग’ ऐवजी लिहा की दाबयंत्रावर बनणाऱ्या अमुक भागाच्या ग्राहक तक्रारींचं ८डी मी चालवत होते, ग्राहक जर्मन कंपनी होती, दोष दर दहा लाखांमागे इतक्यावरून इतक्यावर आणला. आकडा खराच लिहा. मुलाखतीत तो कसा मोजला हे विचारलं जाणारच.

चाकणला असताना तुम्ही जर्मन ग्राहकांना माल दिला असेल, तर तुमच्याकडे सोनं आहे आणि ते तुम्ही बायोडेटात कुठेतरी तळाला पुरलंय. व्हीडीए ६.३ ची, म्हणजे जर्मन गाडीउद्योग संघटनेच्या मानकाप्रमाणे, प्रक्रिया ऑडिटं तुमच्या लाइनवर झाली का? तुम्ही उत्तरं दिलीत का? मग ते पहिल्या पानावर आणा. पीपीएपीला (नव्या भागाला ग्राहकाची मंजुरी घेण्याची पद्धत) इथे व्हीडीए २ प्रमाणे पीपीएफ म्हणतात, दोन्ही नावं लिहा. एफएमईए २०१९ च्या एआयएजी (अमेरिकन गाडीउद्योगाची संघटना) आणि व्हीडीएच्या एकत्रित पुस्तिकेप्रमाणे केलं असेल तर तसं लिहा, जुन्या आरपीएन (धोक्याच्या गुणांकाच्या) पद्धतीने केलं असेल तर निदान नवी पद्धत वाचून ठेवा. मोजमाप यंत्रावर झाइसचं कॅलिप्सो सॉफ्टवेअर वापरलं असेल तर ते नाव लिहाच, इथे जाहिरातींत तेच शब्द असतात.

बायोडेटा दोन पानं, तक्त्यासारखा, ताजी नोकरी वर, प्रत्येक नोंदीला महिना आणि वर्ष. मधला रिकामा काळ लपवू नका. ‘जर्मनीत स्थलांतर, भाषा अभ्यासक्रम’ ही पूर्ण मान्य नोंद आहे. फोटो कायद्याने मागता येत नाही, तरी बहुतेक जण लावतात. लावायचा तर फोटोग्राफरकडून काढलेला लावा, लग्नाच्या अल्बममधून कापलेला नको. असे अर्ज येतात म्हणून सांगतेय.

त्याच्या जोडीला ‘त्सोइग्निस’ लागतं. जर्मनीत नोकरी सोडताना सविस्तर प्रशस्तिपत्र मागण्याचा कायदेशीर हक्क आहे आणि प्रत्येक अर्जाला ती जोडलेली असतात. आपलं ‘अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत नोकरीस होत्या, पुढील वाटचालीस शुभेच्छा’ हे चार ओळींचं पत्र इथे फार वाईट दिसतं, कारण इथल्या प्रशस्तिपत्रांना एक ठरलेली सांकेतिक भाषा आहे. ‘नेहमी आमच्या पूर्णतम समाधानाप्रमाणे’ म्हणजे उत्तम, नुसतं ‘आमच्या समाधानाप्रमाणे’ म्हणजे जेमतेम पास. तुमच्या चार ओळींत काहीच कौतुक नाही, म्हणजे भांडून बाहेर पडल्या असाव्यात असा अर्थ लागतो. जुन्या साहेबांना फोन करा आणि दीड पानाचं पत्र मागा, कंपनीच्या लेटरहेडवर, इंग्रजीत चालेल. त्यात तीन गोष्टी हव्यात: कंपनी काय बनवते, तुम्ही नेमकं काय केलंत, आणि काम कसं केलंत. मसुदा तुम्हीच लिहून पाठवा, ते सही करतील. आपल्याकडे एवढं कुणी नाही म्हणत नाही. नाहीच जमलं तर त्यांचं नाव आणि फोन संदर्भ म्हणून द्या.

भाषेबद्दल तुमच्या नवऱ्याचे आयटीतले मित्र सांगत असतील की इथे इंग्रजीवर चालतं. त्यांचं चालतं. क्वालिटीचं काम मशीनपाशी उभं राहून होतं. दुसऱ्या पाळीचा ऑपरेटर पन्नाशीचा, त्याची स्वेबिश ऐकून बर्लिनचा माणूसही दोनदा विचारतो, आणि त्याला पटवायचं असतं की ही पेटी थांबव, माल पुढे जाऊ देऊ नकोस. जाहिरातीत सी१ मागितलेलं असतं. मी बी२ वर माणसं घेतली आहेत, बी१ वर नाही. म्हणजे तुम्ही एका पायरीने अलीकडे आहात, आणि ती पायरी सहा-सात महिन्यांची आहे.

ती पैसे देऊन चढण्याआधी एजन्सी फ्युअर आर्बाइट म्हणजे रोजगार कार्यालयात ‘नोकरी शोधत आहे’ अशी नोंद करा. बेकारभत्त्याचा हक्क नसला तरी ही नोंद करता येते, हे आपल्यातल्या बहुतेकींना माहीत नसतं. नोंद झाली की बी१ नंतरचे व्यावसायिक भाषा अभ्यासक्रम, बी२ आणि पुढे सी१, यांसाठी तिथून परवानगी पत्र मिळू शकतं, आणि बेकार म्हणून नोंद असलेल्यांना ते मोफत असतात. तांत्रिक प्रशिक्षणासाठी ‘बिल्डुंग्सगुटशाइन’ नावाचं व्हाउचरही असतं, पण ते देणं न देणं अधिकाऱ्याच्या मर्जीवर. त्यामुळे ‘काही कोर्स आहे का’ असं विचारायला जाऊ नका. तीन खऱ्या जाहिराती छापून न्या, ज्यांत व्हीडीए ६.३ किंवा तत्सम ऑडिटरचं प्रमाणपत्र मागितलंय, आणि म्हणा: या जागांसाठी मला हे एवढंच कमी पडतंय. स्थलांतरितांना मोफत सल्ला देणारं ‘आयक्यू’ नेटवर्क आहे, त्यांच्याकडेही जाऊन या.

अर्ज जर्मनमध्येच करा. मोडकं चालेल, पण तुमचं असू द्या. हल्ली एआयकडून लिहून घेतलेली पत्रं इतकी सफाईदार येतात, आणि मग फोनवर ‘आपला परिचय द्या’ म्हटलं की समोर शांतता. तुमचे दोन फोन असेच संपले असतील तर नवल नाही. पहिल्या फोनची तयारी म्हणजे तीन मिनिटं स्वतःबद्दल, दोन मिनिटं एका तक्रारीची गोष्ट, आणि ‘पुन्हा जरा हळू सांगाल का’ हे वाक्य न लाजता म्हणण्याची सवय. समोरचा त्याने नाराज होत नाही. न समजता ‘या, या’ (हो, हो) म्हणत राहिलात तर होतो.

अर्ज पाठवायचे कुठे? बॉश, मर्सिडीज, माले यांची नावं सगळ्यांनाच माहीत आहेत, म्हणून अर्जही सगळ्यांचेच तिथे. तुम्ही एस-बानचा, म्हणजे इथल्या लोकल गाड्यांचा, नकाशा उघडा. वाइब्लिंगनला श्टील, विनेंडेनला केर्शर, डिट्झिंगनला ट्रुम्फ, एसलिंगनला फेस्टो. याही मोठ्याच, पण गाड्यांवर पूर्ण अवलंबून नाहीत. आणि यांना माल पुरवणाऱ्या, दीडशे-दोनशे माणसांच्या, गावाबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत असलेल्या कंपन्या तर मोजता येणार नाहीत इतक्या. त्यांच्या जाहिराती मोठ्या पोर्टलवर कित्येकदा येतच नाहीत, स्वतःच्या वेबसाइटवर किंवा रोजगार कार्यालयाच्या ‘जॉबझूखं’ पानावर असतात. जाहिरात नसली तरी अर्ज पाठवायची इथे रीत आहे. जाहिरातीखाली ज्यांचं नाव आहे त्यांना आधी फोन करून एक नेमका प्रश्न विचारा, मग अर्जात त्या बोलण्याचा उल्लेख करा. मला असा फोन आला तर तो अर्ज मी नक्की उघडते.

अशा कंपन्यांत पोचायला गाडी लागते. भारतीय वाहन परवाना इथे राहायला आल्यापासून सहाच महिने चालतो. तुमचे आठ झाले, म्हणजे तो संपला. इथली लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात, खर्च बराच होतो. तरीही मास्टर्सच्या आधी मी या परवान्यावर पैसे घालीन. पुरवठादाराकडे जाऊन यायचं आहे आणि उमेदवाराला गाडी चालवता येत नाही, एवढ्यावरून नाही म्हटलेलं मी पाहिलंय.

आणखी एक दार आहे, ज्याकडे आपले लोक नाक मुरडतात: इंजिनिअर पुरवणाऱ्या सेवा कंपन्या. तुम्ही त्यांच्या पगारावर असता, काम ग्राहक कंपनीत करता. आपल्याकडच्या ‘थर्ड पार्टी पे-रोल’सारखं वाटतं, पण इथे कायदा कडक आहे. एका ग्राहकाकडे साधारण अठरा महिन्यांहून जास्त ठेवता येत नाही, नऊ महिन्यांनंतर तिथल्या कायम माणसाइतका पगार द्यावा लागतो, सामूहिक करारांतून थोडे अपवाद आहेत. बायोडेटात पहिला जर्मन अनुभव येण्यासाठी हा रस्ता चांगला आहे, आणि ग्राहक कंपनीने नंतर आपल्यातच घेतलं असं सर्रास होतं.

मास्टर्स नको का म्हणते? बाडेन-व्युर्टेम्बेर्गमध्ये युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो फी आहे, सवलत बसते का ते विद्यापीठाला विचारावं लागेल. पण पैसा हा मुद्दा दुय्यम. दोन-अडीच वर्षांनी तुम्ही पस्तिशीच्या ‘फ्रेशर’ म्हणून बाहेर पडाल आणि चाकणची सात वर्षं आणखी जुनी झालेली असतील. धंदाच बदलायचा असेल, समजा क्वालिटी सोडून बॅटरी किंवा डेटाकडे जायचं असेल, तर मास्टर्स जरूर करा, त्यातला ‘वेर्कष्टुडेंट’ म्हणून शिकताशिकता कंपनीत केलेल्या कामाचा अनुभव खरंच उपयोगी पडतो. नुसता भारतीय पदवीवर जर्मन शिक्का हवा म्हणून नको.

गोदामाचा हिशेब साधा आहे. मिनी-जॉबची (थोड्या तासांच्या कामाची) कमाईची मर्यादा २०२६ मध्ये महिन्याला ६०३ युरो आहे. मुलीच्या किटाचे (बालवाडीचे) तास मोजके, तेच तास गोदामात गेले तर बी२ चा वर्ग बुडतो. नवरा सरकारी आरोग्य विम्यात असेल तर तुम्ही त्यावर विनाशुल्क आहात, त्यामुळे विम्यासाठी घाई करण्याचंही कारण नाही. किटाच्या पूर्ण दिवसाच्या जागेसाठी मात्र आत्ताच अर्ज करा. जागेचा हक्क कायद्याने आहे, जागा असतेच असं नाही. भाषेचा वर्ग चालू असल्याचं पत्रही अनेक ठिकाणी धरलं जातं.

पगाराची अपेक्षा अर्जातच विचारतात आणि तिथे आपण एक तर घाबरून फार कमी लिहितो किंवा नवऱ्याच्या आयटीच्या पगाराकडे बघून फार जास्त. रोजगार कार्यालयाच्या ‘एंटगेल्टआटलास’वर व्यवसाय आणि राज्य टाकलं की मध्यम पगार दिसतो, पहिल्या नोकरीला त्याच्या थोडं खाली लिहा. तासांचं मात्र नीट बघा. धातुउद्योगाच्या सामूहिक करारातल्या कंपन्यांत आठवडा ३५ तासांचा असतो, कराराबाहेरच्या लहान कंपन्यांत ४०. सुरुवातीलाच तीस तासांच्या करारावर सही केलीत तर पुढे पूर्णवेळ करून द्यायला कंपनी सहसा बांधील नसते. उलट पूर्णवेळ सुरू करून सहा महिन्यांनंतर ठरावीक काळापुरते तास कमी करून परत पूर्णवेळ होण्याचा हक्क २०१९ पासून आहे, पण ४५ हून जास्त माणसं असलेल्या कंपनीतच. म्हणून सही करण्याआधी माणसं किती आहेत ते विचारून घ्या.